एका नखाएवढी आखूड

मित्रांनो, गिटार तुम्ही पाहिली असेल. निदान ऐकली तरी असेलच. पण तिच्या मानेवर ते बारीक धातूचे पडदे नेमके कुठे ठोकायचे, हे जिच्यावरून ठरतं ती पट्टी तुमच्यापैकी कुणी पाहिली नसणार. मी ती पट्टी. जुनी, शिसवीची, हातभर लांब, आणि सध्या भिंतीवरच्या एका खिळ्याला टांगलेली. माझ्या गोष्टीत कुणी वाईट माणूस नाही. सगळी एकापेक्षा एक चांगली माणसं आहेत, आणि तेच तर माझं दुखणं आहे.

माझा जन्म उरलेल्या तुकड्यातून झाला. गिटार बनवणारे माझे मिस्त्री तेव्हा तरुण होते, डोक्यावर दाट केस होते. शिसवीची फळी कापून त्यांनी एका गिटारीची पाठ केली आणि कडेचा चिंचोळा तुकडा सरसाच्या शेगडीत टाकायला उचलला. टाकता टाकता थांबले. एक डोळा मिटून माझ्या कडेवरून पाहिलं आणि म्हणाले, "अरे वा, सरळ आहेस की गं!" आयुष्यातली माझी ती पहिली शाबासकी. आगीतून वाचले, म्हणून ती अजून लक्षात आहे.

मग दोन दिवस त्यांनी एका निळ्या वहीत आकडेमोड केली. तारेची लांबी किती, पहिला पडदा कुठे, दुसरा कुठे. पडदे एकमेकांपासून सारख्या अंतरावर नसतात बरं का! वर लांब लांब असतात आणि खाली येतील तसे दाटीवाटीने बसतात. त्या हिशेबाने मिस्त्रींनी माझ्या अंगावर चाकूने एकोणीस खुणा कोरल्या. बाराव्या खुणेवर पितळेची टाचणी ठोकली, कारण बारावा पडदा म्हणजे तारेचा मध्य. तिथे चुकलं की सगळंच चुकलं.

माझं काम सोपं होतं, पण माझ्यावाचून सगळं अडायचं. मिस्त्री आधी मानेचं लाकूड निवडायचे. ते आठ-आठ वर्षं वाळवलेलं असायचं, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न वळता गेलेल्या. मान घडवून झाली की तिच्या पोटात लोखंडी सळई घालायची, तारांच्या ओढीने ती वाकू नये म्हणून. मान आणि धड खाचेत कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, घालून जोडायचं. "गिटारीची मान माणसासारखीच असते," मिस्त्री म्हणायचे. "फार ताठ ठेवली तर तारा खरखरतात, फार वाकवली तर बोटं दुखतात. घरात कसं वागायचं ते मला मानेनंच शिकवलं." त्यावर आतून त्यांच्या बायकोचा आवाज यायचा, "शिकवलं असेल, पण तुम्ही शिकलात कुठे!"

या मानेवर जी काळी फळी बसते, तिच्यावर मला झोपवायचे. माझं डावं टोक फळीच्या वरच्या टोकाला भिडवायचं. तिथे पुढे हाडाचा एक छोटा तुकडा बसतो, त्याला नट म्हणतात. तारा नटवरून सुटतात आणि खाली घोडीवर टेकतात. मला नीट भिडवलं की माझ्या एकेका खुणेपाशी चाकूची रेघ. मी सांगेन तिथे पडदा. एवढा मान कुठल्या पट्टीला मिळतो, सांगा!

पहिल्या चार गिटारी अगदी वहीप्रमाणे झाल्या. मापात बोट ठेवायला जागा नव्हती. पण मिस्त्रींचा चेहरा उतरलेला. मोकळी तार छेडली की सूर चोख. बाराव्या पडद्यावरही चोख, कारण घोडी ते कानाने मागेपुढे सरकवून बसवायचे. पण पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं की सूर किंचित चढा. फार नाही, पण दुधात मिठाचा खडा पडावा तेवढा.

असं का होतं, ते मला त्यांच्या पुटपुटण्यातून कळलं. तार दाबली की ती ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. नटाजवळ तार जास्त कडक, म्हणून तिथे जास्त चढतो. कागदावरच्या हिशेबात तारेला बोट लागतच नाही. खऱ्या गिटारीला तर लागतं!

मग एके दुपारी मिस्त्रींनी काचपेपर घेतला आणि माझं डावं टोक घासलं. मित्रांनो, खरं सांगते, मला राग आला. सरळ असण्यावर, मापात असण्यावर माझी सगळी ऐट, आणि हे मलाच आखूड करायला निघाले! त्यांनी थोडं घासलं, एक गिटार केली, ऐकली. पुन्हा थोडं घासलं, पुन्हा एक केली. सात गिटारी अशा गेल्या. मी जेवढी आखूड होत होते, तेवढे सगळे पडदे नटाकडे सरकत होते, आणि चढलेला सूर तेवढाच खाली येत होता. सातवी मिस्त्रींनी पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत वाजवली. मग त्यांनी आपल्या उजव्या अंगठ्याचं नख माझ्या टोकाशी आडवं धरलं. नखाची जाडी आणि माझं झिजणं अगदी सारखं.

"एक नख," ते म्हणाले. "बस्स!"

त्या एका नखाने मिस्त्रींचं नाव झालं. लोक लांबून यायचे. वाजवून बघायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, यात घातलंय तरी काय?" मिस्त्री नुसते हसायचे. लोक निघून गेल्यावर माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची, काय गं?" माझा राग केव्हाच गेला होता. उलट माझी छाती फुगायची. त्या निळ्या वहीत मात्र जुनाच आकडा राहिला. मिस्त्रींनी तो कधी खोडला नाही. "हाताला कळलं ना? मग वहीला कशाला सांगायचं," असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मलाही ते ऐटदार वाटलं होतं.

त्यांना एकच लेक. चिकटवलेली गिटार दाबून धरायला ती सहा वर्षांची असल्यापासून हजर. मोठी झाल्यावर धड तीच करायची, मानही तीच घडवायची, आणि जोड तर असा घालायची की मिस्त्री भिंग लावून फट शोधायचे आणि हात टेकायचे. पण पडद्यांच्या खुणा करायची वेळ आली की मिस्त्री मला घेऊन खिडकीपाशी जायचे आणि पाठ करून बसायचे.

"बाबा, बघू तरी द्या," ती म्हणायची.

"वेळ आली की सांगीन गं. एवढी काय घाई?"

"मी म्हातारी झाल्यावर?"

"तू म्हातारी झालीस तरी मी आहेच की!"

आणि दोघं हसायची. मीही त्या हसण्यात होते.

ती वेळ आली नाही. एका सकाळी मिस्त्री मानेवर रंधा मारत होते आणि रंधा हातातून सुटला. मग तेही खाली बसले. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द गेलेत तशी अक्षरंही गेलीत, डाव्या हातात पेन देऊन उपयोग नाही. ऐकू मात्र सगळं येतं. तीन महिन्यांनी त्यांना खुर्चीत बसवून कारखान्यात आणलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. आम्ही दोघंही आता सारखेच मुके होतो.

लेकीने कारखाना हातात घेतला. "बाबांचं नाव मी बुडू देणार नाही," तिने आईला सांगितलं. पहिल्याच दिवशी तिने मला उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "अगं बाई, केवढी झिजलीय ही!"

झिजलेली नाही गं, घासलेली!

तिने निळी वही काढली. कॅलिपर लावून मला मोजलं. वहीत एक आकडा, माझ्या अंगावर दुसरा. तिने पुन्हा मोजलं, आणखी एकदा मोजलं. ती कामाला फार चोख, म्हणून तर ही वेळ आली. कुणी आळशी असती तर तशीच वापरली असती आणि सगळं सुरळीत झालं असतं. तिने हाडाची एक पातळ चकती घेतली, माझ्या टोकाला सरसाने चिकटवली, वहीतल्या मापाबरहुकूम घासली. मग मला तेल लावलं, मऊ फडक्याने पुसलं. चाळीस वर्षांत माझे एवढे लाड कुणी केले नव्हते. "बघा बाबा, नवी कोरी केली तुमची पट्टी!" असं म्हणून तिने मला मिस्त्रींच्या समोर धरलं.

मिस्त्रींचे डोळे मोठे झाले. डावा हात वर आला. त्यांनी तो कसाबसा उजव्या हातापर्यंत नेला, उजवा अंगठा धरला आणि त्याचं नख तिला दाखवलं. "आं... आं..." एवढाच आवाज.

लेकीने नख पाहिलं. "वाढलंय का? अहो, मग आधी नाही का सांगायचं!" असं म्हणाली आणि धावत नेलकटर घेऊन आली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढची गिटार मी सांगितल्याप्रमाणे झाली, म्हणजे खोटी झाली. लेकीने पहिला सूर छेडला, चेहरा उजळला. बोटं ठेवून छेडला आणि चेहरा मावळला. खुर्चीत मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. सूर मोजायचा ट्यूनर लावला तर मोकळ्या तारेला हिरवा दिवा, बाराव्या पडद्यालाही हिरवा. पहिल्या पडद्यावर काटा जरासा पुढे. "एवढा तर सगळ्यांचाच सूर चढतो," ती स्वतःशीच म्हणाली. "पण बाबांच्या गिटारीचा चढायचा नाही."

तिला वाटलं, दोष मानेत आहे. दुसऱ्या गिटारीला तिने महोगनीची मान केली. तोच सूर. तिसरीला तीन पट्ट्या चिकटवून मान केली, मधली गडद, दिसायला देखणी. तोच सूर. मग तिने सळई बदलली, जोडाचा कोन बदलला, कुसू सोडून बोल्ट लावून पाहिले. एकदा नटाच्या खाचा खोल केल्या. सूर थोडा उतरला, पण तारा पडद्यांना घासून खरखरायला लागल्या. दर वेळी ती सगळं नव्याने करायची आणि शेवटी मलाच फळीवर झोपवायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, मानेला कशाला बोल लावतेस, मी तुझ्या हातातच आहे! माझ्या नसलेल्या मापाची शपथ घेऊन मी पुन्हा पुन्हा खोटं बोलत होते, आणि ती बिचारी माझ्यावर सगळ्यांत जास्त विश्वास ठेवत होती.

हळूहळू तिला वाटायला लागलं की दोष लाकडाचा नाही, आपला आहे. "मला बाबांचा कान मिळालाच नाही, आई," एका संध्याकाळी ती म्हणाली. "हात मिळालेत. कान नाही."

"असं काय म्हणतेस गं? कान काय दुकानात मिळतो? येईल हळूहळू," आई म्हणाली. ती मिस्त्रींना पेज भरवत होती. मिस्त्रींनी तोंड मिटून घेतलं, तर आईला वाटलं त्यांचं पोट भरलं.

त्याच सुमारास संगीताच्या बाई आल्या. त्या शाळेत गिटार शिकवायच्या, आणि तीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी केलेली गिटार अजून त्यांच्या खांद्यावर होती. त्यांना नवी हवी होती, मुलीसाठी. लेकीने आईला सांगून टाकलं, "ही शेवटची. ही जमली तर ठीक, नाही तर मी बनवणं बंद करते. बाबांच्या नावावर असल्या गिटारी मी विकणार नाही." माझा जीव टांगणीला लागला, पण हात चोळत बसायलाही मला हात नव्हते.

लेकीने बाईंना विनंती केली, "बाई, तुमची जुनी दोन महिने ठेवून जाल का? बाबांनी मान कशी केली होती, ते बघायचंय मला."

बाईंनी आनंदाने ठेवली. मित्रांनो, चाळीस वर्षांच्या त्या गोड गिटारींपैकी एक माझ्यासमोर टेबलावर पडली होती, आणि तिच्या मानेवर माझं खरं माप जसंच्या तसं लिहिलेलं होतं! मला वाटलं, सुटलो आपण. लेकीने मानेची जाडी मोजली, कोन मोजला, जोड पाहिला. सगळं तिच्या स्वतःच्या गिटारींसारखंच. शेवटी तिने मला उचललं आणि त्या जुन्या गिटारीच्या पडद्यांवर ठेवलं.

माझी एकही खूण जुळेना. प्रत्येक पडदा नखभर अलीकडे.

लेकीने मला पुन्हा नीट भिडवून ठेवलं. खुर्चीत मिस्त्री पुढे झुकले. मी मनात म्हणत होते, एक पाऊल गं, आता एकच पाऊल! तिने वही उघडली, बंद केली. माझ्या टोकावरच्या हाडाच्या चकतीवर बोट फिरवलं. तिच्या लक्षात आलं, अगदी बरोबर लक्षात आलं. आणि तिचे डोळे भरून आले.

"तेव्हाच झिजली होती तर," ती हळूच म्हणाली. "बाबांना कळलंच नाही. तीस वर्षं झिजलेल्या पट्टीवर काम केलं त्यांनी. आणि मापात एवढी चूक असूनही इतकी गोड वाजते! केवढा मोठा हात म्हणायचा हा! आणि मी? मापात करूनही..."

तिने मला टेबलावर ठेवलं. तेवढ्यात मिस्त्रींचा डावा हात टेबलावर आला. त्यांनी मला पकडलं. सगळा जोर लावून खुर्चीतून खाली घसरले, जमिनीवर बसले आणि माझं टोक खरबरीत फरशीवर घासायला लागले. खर्र, खर्र. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! चकतीची कड झिजली. अजून थोडं मिस्त्री, अजून थोडं!

"बाबा! अहो बाबा, काय करताय हे!" लेक धावली. आईही आतून आली. लेकीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. दोघींनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. मिस्त्री मान हलवत होते, "आं... आं..." करत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लेक त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, त्यांचा चेहरा हातांत धरला आणि म्हणाली, "कळलं मला, बाबा. तुमची चूक मी पाहिली म्हणून वाईट वाटलं ना तुम्हाला? अहो, मी कुणाला सांगणार आहे का? माझ्यापाशीच राहील ती. शपथ."

तिने शपथ पाळली. दोन महिन्यांनी नवी गिटार तयार झाली आणि बाई आल्या, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जुन्या लाकडाची गोडीच वेगळी असते, बाई." बाईंनी नवी गिटार वाजवली. "छान झालीय गं," त्या म्हणाल्या, आणि चांगल्या माणसासारख्या जरा वेळाने म्हणाल्या, "पण मुलीला मी माझी जुनीच देईन म्हणते. रागावू नकोस हं." माझं खरं माप पेटीत बंद होऊन त्यांच्या खांद्यावरून निघून गेलं. मिस्त्री दाराकडे बघत राहिले.

आता कारखान्यात गिटार बनत नाही. लेक लोकांच्या गिटारींना तारा घालून देते, खुंट्या बदलून देते, आणि चांगलं करते. आठ वर्षं वाळवलेलं मानेचं लाकूड होतं ना, त्याची फळी केलीय. तिच्यावर मिस्त्रींच्या औषधांच्या बाटल्या असतात. मला तिने पुन्हा तेल लावलं, त्या फरशीचे ओरखडे पुसले, आणि मिस्त्रींचा हात पोचणार नाही एवढ्या उंच खिळ्याला टांगलं. "बाबांची आठवण आहे, तिला धक्का लागायला नको," असं आईला म्हणाली. बाबा तर खालीच बसलेले होते.

मित्रांनो, मी पट्टी आहे, मला उपदेश करता येत नाही. पण घरात एखादी झिजलेली, आखूड झालेली, वाकडी वस्तू सापडली तर ती लगेच नीट करू नका. ती कुणी वापरली, कशी झिजली, ते आधी विचारा. आणि तुमच्यापाशी सांगण्यासारखं काही असेल, अगदी नखाएवढं असलं, तरी वेळ यायची वाट बघू नका. मिस्त्री मोठे कारागीर, पण ते थांबले, आणि त्या थांबण्यात मीही ऐटीने सामील होते.

आज रविवार. लेकीने आत्ताच खिडकीपाशी बसून एका गिऱ्हाइकाची गिटार छेडून पाहिली. पहिला पडदा दाबला, सूर चढा गेला. मिस्त्रींनी डाव्या हाताने उजवा अंगठा उचलला आणि तिच्यासमोर धरला.

"हो बाबा, आलेच," ती मायेने म्हणाली. त्यांचा हात मांडीवर घेऊन तिने ते नख अगदी सांभाळून कापलं, कापलेला तुकडा कागदात घेतला आणि केरात टाकला.

बरोबर तेवढंच होतं, मित्रांनो. बरोबर तेवढंच.